मुक्ती सदन, जून १९०५

पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचा पूर्वार्ध मराठी वाचकाला बऱ्यापैकी ठाऊक असतो. कलकत्त्याच्या विद्वानांनी बहाल केलेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, हंटर आयोगापुढची साक्ष, इंग्लंडातला बाप्तिस्मा, शारदा सदन आणि १८९३ चं वादळ. पुढे चरित्रकार घाईघाईने केडगाव गाठतात, दुष्काळातून वाचवलेल्या मुलींचा उल्लेख करतात आणि १९२२ मधल्या मृत्यूपाशी येऊन थांबतात. मधलं १९०५ साल सहसा गळतं. त्या वर्षी जूनच्या अखेरीस केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुली हमसून रडत, मोठमोठ्याने आपली पापं कबूल करत होत्या. शाळेचे नेहमीचे तास बंद पडले. पुढचे कित्येक आठवडे संस्थेचं सगळं वेळापत्रक प्रार्थनेभोवती फिरत राहिलं. समाजसुधारणेच्या इतिहासात हा प्रसंग कुठे बसवायचा हे कळत नाही, म्हणून तो बाजूला ठेवला जात असावा. रमाबाईंच्या स्वतःच्या लेखी मात्र तो बाजूचा नव्हता. ईश्वराचा न्याय, माणसाचा पश्चात्ताप आणि सत्कर्म यांचं एकमेकांशी नातं काय, हा प्रश्न त्यांना लहानपणापासून छळत होता आणि केडगावला त्याचं उत्तर त्यांनी आपल्यापुरतं प्रत्यक्षात उतरवलं होतं.

या प्रश्नाची सुरुवात एका दुष्काळात झाली. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पुढे कर्ज झालं, घर सुटलं आणि हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थाटन करू लागलं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते संपत चाललं होतं. अनंतशास्त्र्यांची श्रद्धा अढळ होती. अनुष्ठानं केली, ब्राह्मणांना दानं दिली, तीर्थांत स्नानं केली, म्हणजे देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल. शास्त्राने सांगितलेल्या सगळ्या अटी पाळल्या, पैसा आणि दागिने त्यात गेले आणि अखेर तांदळाचा शेवटचा दाणाही संपला. मग जंगलात झाडपाला आणि पाण्यावर काढलेले दिवस, जलसमाधी घेण्याचा वडिलांचा निश्चय आणि मी मजुरी करून तुम्हाला पोसतो म्हणून श्रीनिवासाने, मोठ्या भावाने, त्यांना मागे वळवणं, हे सगळं रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. आधी वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग बहीण.

वडिलांविषयी रमाबाईंनी कधी अनादराने लिहिलं नाही. बायकोला आणि मुलीला वेदविद्येच्या उंबरठ्यापर्यंत नेणारा हा माणूस त्यांना अखेरपर्यंत पूज्य होता. पण त्या उपासमारीतून त्यांच्या मनात एक शंका घर करून राहिली: पुण्यकर्म म्हणजे देवाकडे भरलेली किंमत असेल, तर ज्याच्याजवळ भरायला काही उरलं नाही त्याने काय करायचं?

बहीणभाऊ पायी हजारो मैल हिंडून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे त्यांचा सत्कार झाला. तिथेच, धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना, स्त्रियांच्या आणि शूद्रांच्या मोक्षाबद्दल ग्रंथांत काय लिहिलं आहे ते रमाबाईंनी पहिल्यांदा नीट वाचलं आणि त्यांना धक्का बसला. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने तेही गेले. पदरात मनोरमा होती, अजून वर्षाचीही न झालेली. नवऱ्याबरोबर सिल्चरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. ते त्यांनी आवडीने वाचलं होतं, पण ओढ तेव्हा तेवढीच होती.

ओढीला कारण मिळालं इंग्लंडात. १८८३ मध्ये त्या वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीमंडळाकडे राहायला गेल्या. या भगिनींचं काम पुण्यातही होतं. त्यांनी रमाबाईंना लंडनमधलं फुलहॅमचं आपलं घर दाखवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे ठेवून घेतलं जात होतं आणि त्यांतल्या काही जणी सुधारून आता दुसऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी असं काही पूर्वी पाहिलंच नव्हतं. ज्या बाईला धर्म आणि समाज दोघेही दंड सुनावून मोकळे होतात, तिच्यासाठी कोणी आयुष्य का झिजवावं? विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण बाप्तिस्म्याबरोबर त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नव्हती. वाँटेजच्या भगिनीमंडळातल्या सिस्टर जेराल्डीन आणि त्यांच्यातला पत्रव्यवहार वाचला की हे स्पष्ट होतं. अथनेशियसच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं श्रद्धासूत्र अँग्लिकन उपासनेत म्हटलं जाई. ही श्रद्धा जो अखंड धरणार नाही त्याचा नाश होईल, असा इशारा त्याच्या आरंभीच आहे, आणि सत्कर्मं करणारे सार्वकालिक जीवनात जातील व दुष्कर्मं करणारे सार्वकालिक अग्नीत, असं ते शेवटी सांगतं. हे सूत्र मान्य करायला रमाबाई तयार होईनात. चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून मी माझी सदसद्विवेकबुद्धी बाजूला ठेवणार नाही, असा त्यांचा बाणा होता. भगिनींना हा अहंकार वाटला. मला त्यात पुढच्या केडगावची चाहूल दिसते. न्यायनिवाड्याची भीती घालून माणसाला रांगेत उभं करणं त्यांना तेव्हाही पटलं नाही आणि पुढेही त्यांनी ते केलं नाही.

अमेरिकेतला दौरा, 'द हाय कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक, बॉस्टनला स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन हा भाग परिचित आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. वर्षभराने सदन पुण्याला आलं. विधवा मुलींना राहायला जागा, शिक्षण आणि स्वावलंबन मिळावं आणि धर्माच्या बाबतीत सक्ती नसावी, अशी योजना होती.

बाहेरून पाहता यापेक्षा मोठं सत्कर्म ते कोणतं? तरीही याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना आतून रिकामं वाटत होतं. त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मकथन आलं. कॉर्नवॉलमधला हा पाद्री वर्षानुवर्षं चर्चची सगळी कामं निष्ठेने करत होता आणि १८५१ मध्ये एका रविवारी व्यासपीठावर उभं राहून स्वतःच प्रवचन देताना त्याला पश्चात्ताप झाला. रमाबाईंना त्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालाच नाही, अशा अर्थाचं त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिलं आहे. बाप्तिस्म्याचा विधी, चर्चचे नियम, समाजसेवा यांच्या जोरावर आपण देवापुढे उभ्या राहू पाहतो आहोत, म्हणजे वडिलांच्याच वाटेने चाललो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. प्रोटेस्टंट शिकवणीचा गाभा इथेच आहे. न्यायाच्या दिवशी माणूस आपल्या पुण्याच्या बळावर टिकत नाही. तो कृपेने तारला जातो, पश्चात्ताप करून ती कृपा नुसती हात पसरून घेतो आणि सत्कर्मं त्यानंतर येतात, झाडाला फळ यावं तशी. ज्या बाईने लहानपणी घरातलं शेवटचं किडूकमिडूक देवाच्या नावाने संपताना पाहिलं होतं, तिला या शिकवणीत किती मोठा दिलासा मिळाला असेल!

१८९३ मध्ये गोष्टी हातघाईवर आल्या. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. सदनात धर्मांतर चाललं आहे असा 'केसरी'ने भडिमार केला, सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक बाहेर पडले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. या वादाचे दोन्ही पक्ष मराठीत पुष्कळदा मांडले गेले आहेत. मला इथे एवढंच महत्त्वाचं वाटतं की यानंतर रमाबाई आपली श्रद्धा झाकण्याच्या फंदात पडल्या नाहीत. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर भरत असे. श्रद्धा स्वीकारलेल्या पंधरा मुली तेव्हा त्यांच्याजवळ होत्या. या पंधरांचा वर्ग करून दे, पुढच्या शिबिरापर्यंत २२५ होऊ देत, अशी प्रार्थना त्यांनी तिथे केली. ते पुरं कसं व्हावं याची त्यांना कल्पना नव्हती.

१८९६ मध्ये दुष्काळ पडला, मध्य प्रांतात तर फारच तीव्र. बातम्या वाचून रमाबाईंना आपलं बालपण आठवलं आणि त्या स्वतः निघाल्या. सरकारी गरीबखान्यांत, रस्त्यांच्या कडेला, झाडांखाली त्यांनी मुली पाहिल्या. हाडांचा सापळा झालेल्या, अंगभर खरूज आणि फोड, डोळ्यांत ओळखीचं काही उरलेलं नाही. भुकेपेक्षाही भयंकर एक गोष्ट त्यांना दिसली. अन्नाच्या बदल्यात मुली नेणारे लोक आसपास घिरट्या घालत होते आणि काही ठिकाणी गरीबखान्याच्या आतच मुलींची अब्रू सुरक्षित नव्हती. सोळाव्या वर्षी आपण अशाच रस्त्यावर होतो, फक्त सोबत भाऊ होता म्हणून निभावलो, हे त्या विसरू शकत नव्हत्या. त्यांनी मुली गोळा करायला सुरुवात केली.

पुण्यात १८९७ मध्ये प्लेग होता. शहरात एवढ्या मुली ठेवायला सरकारी अधिकाऱ्यांनी मनाई केली. प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय परवड होते ते रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून उघड केलं आणि थेट मुंबई सरकारशी वाकडेपणा घेतला. मुलींसाठी जागा मात्र हवी होती. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेच्या रस्त्यावर केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर आधी तंबू आणि झोपड्या आल्या, मग विहिरी आणि मग दगडी इमारती. जागेला नाव दिलं 'मुक्ती'. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला आणि तिकडूनही शेकडो मुली आल्या. सगळ्या मिळून संख्या १,९०० च्या वर गेली.

एकोणीसशे तोंडं म्हणजे काय, याचा अंदाज आज येणं कठीण. रोजचं धान्य दळायचं, भाकऱ्या थापायच्या, पाणी शेंदायचं, आजाऱ्यांचं बघायचं. आलेल्या मुलींपैकी कितीतरी इतक्या खंगलेल्या होत्या की त्या वाचल्या नाहीत. ज्या तगल्या त्यांना लिहावाचायला शिकवायचं, ते करताना हाताला कामही द्यायचं. शेती, गुरं, विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना, सगळं मुलींच्याच हातून चाले. सरकारी अनुदानाचा आधार नव्हता, वर्गणीदारांची यादी नव्हती. १८९९ मध्ये 'कृपा सदन' उघडलं, फसवल्या गेलेल्या आणि टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला पाहिलेलं ते घर सोळा वर्षांनी दौंडच्या रस्त्यावर उभं राहिलं. अंध मुलींसाठी आणि म्हाताऱ्या, अपंग बायकांसाठीही वेगळी सोय झाली.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. राजा सिंहासनावर बसतो, मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तशी माणसं वेगळी करतो, आणि विचारतो ते एवढंच: मी भुकेला होतो तेव्हा मला कोणी खाऊ घातलं, उघडा होतो तेव्हा कोणी पांघरलं, आजारी होतो तेव्हा माझ्याकडे कोण आलं. श्रद्धेच्या सूत्रांबद्दल तिथे चकार शब्द नाही. कृपेने तारण होतं म्हणणारं पौलाचं लिखाण आणि ही कथा यांचा मेळ कसा घालायचा यावर ख्रिस्ती जगाने शतकानुशतकं वाद घातला. मार्टिन ल्यूथरला तर कर्मांवाचून श्रद्धा मेलेली आहे असं म्हणणारं याकोबाचं पत्र फारसं रुचलं नव्हतं. केडगावला हा वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पण १८९७ ते १९०४ या काळात तिथे जे चाललं होतं ते पंचविसाव्या अध्यायातल्या यादीशी ओळीने जुळतं, आणि ते चालवणारी बाई मात्र आपल्या कर्मांवर आपला काही दावा नाही असं मानणारी होती.

म्हणूनच तिचं समाधान होत नव्हतं. मुली पोटभर जेवत होत्या, शिकत होत्या, पुष्कळशांनी बाप्तिस्माही घेतला होता. पण अन्न देणाऱ्याचा धर्म घेणं आणि मन पालटणं यांत फरक आहे, हे रमाबाई स्वतःच्या अनुभवावरून जाणत होत्या. मुलींत चोऱ्या, भांडणं, खोटेपणा, आकस हे सगळं होतं. त्यांनी काय सोसलं होतं ते पाहता त्यात नवल नव्हतं. १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियात मोठं आध्यात्मिक संजीवन झाल्याचं कानावर आलं तेव्हा रमाबाईंनी मनोरमा आणि मिनी अब्राम्स यांना तिकडे पाठवलं. अब्राम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी, १८९८ पासून मुक्तीत त्यांच्या सहकारी. पुढे वेल्समधल्या संजीवनाच्या वार्ता आल्या आणि १९०५ च्या वसंतात ती लाट वेल्श मिशनऱ्यांच्या खासी टेकड्यांत पोचली. त्याआधीच, जानेवारीत, रमाबाईंनी रोज सकाळची खास प्रार्थना सुरू केली होती. सुरुवातीला सत्तरेक जणी होत्या. भारतातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचं, म्हणजे आपलंही, खरं परिवर्तन व्हावं अशी त्यांची मागणी होती. संख्या वाढत गेली. जूनमध्ये रमाबाईंनी विचारलं, शिक्षण बाजूला ठेवून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला कोण तयार आहे? तीस तरुणी पुढे आल्या आणि त्या कामासाठी आपल्याला बळ मिळावं म्हणून रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या.

२९ जूनच्या पहाटे, तीनच्या सुमाराला, त्यांतली एक मुलगी ओरडत जागी झाली. तिला आपल्या अंगावर अग्नी उतरतो आहे असं वाटत होतं. तिथली मेट्रन दचकून उठली, मुलगी पेटली आहे असं तिला खरंच दिसलं आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. पाणी ओतणार तोच लक्षात आलं की जळत काहीच नाही. थोड्या वेळात आसपासच्या सगळ्या मुली गुडघ्यांवर होत्या, रडत होत्या, पापं कबूल करत होत्या. हा वृत्तान्त अब्राम्स यांनी लिहून ठेवला आहे. त्या रात्री काय दिसलं, कोणाला दिसलं, याचा निवाडा इतिहासकाराने करू नये. बादली घेऊन धावणाऱ्या बाईचं घाबरणं मात्र अगदी खरं आहे.

दुसऱ्या दिवशी, ३० जूनच्या संध्याकाळी, रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. व्यभिचारात सापडलेल्या बाईला दगडांनी मारायला निघालेले लोक आणि तिला दंड न देता, पुन्हा पाप करू नकोस म्हणून जाऊ देणारा येशू, या कथेने तो अध्याय सुरू होतो. समोर बसलेल्या मुलींत हे दगड ज्यांनी सोसले होते अशा कितीतरी होत्या. मुलींनी एकाएकी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. आवाज एवढा वाढला की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. लहान मुलींपासून मोठ्या बायकांपर्यंत सगळ्या रडत होत्या. कोणी उभ्या, कोणी गुडघे टेकून, कोणी छाती पिटून क्षमा मागत.

पुढच्या दिवसांत तास भरेनात. कोणाला वर्गात बसल्या बसल्या पश्चात्तापाने घेरलं, कोणाला मागावर, कोणाला काम करताना. हेलन डायर यांनी १९०७ मध्ये या घटनांवर पुस्तक लिहिलं. आधी जड, असह्य दुःख, मग कबुली, आणि मग हसणं, गाणं, टाळ्या, हा क्रम अनेकींच्या बाबतीत दिसला. ज्या मुली या अनुभवातून गेल्या त्या दुसऱ्यांजवळ बसून त्यांना धीर देऊ लागल्या. १९०६ च्या अखेरीस काही जणी अनोळखी भाषांत प्रार्थना करू लागल्या. दौंडला मुलांचा आश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन हे मिशनरी ते पाहून चकित झाले होते.

सगळ्यांनाच हे रुचलं नाही. हा आरडाओरडा, हे थरथरणं म्हणजे वेडाचा झटका, अशी टीका अनेक युरोपियन मिशनऱ्यांनी केली. रमाबाई स्वतः शांत स्वभावाच्या, अभ्यासू. गडबडगोंधळ त्यांनाही मानवणारा नव्हता. पण त्यांनी मुलींना गप्प केलं नाही. भारतीय माणसाला दुःख झालं की तो मोठ्याने रडतो, आनंद झाला की टाळ्या वाजवतो. पवित्र आत्म्याने आमच्याकडे काम करायचं ते इंग्रजी शिस्तीतच का करावं, अशा आशयाचं त्यांनी ठामपणे लिहिलं. कीर्तनात डोळे पुसणारा समाज ज्यांना माहीत आहे त्यांना हा मुद्दा पटायला वेळ लागू नये. इंग्लंडात वीस वर्षांपूर्वी श्रद्धासूत्रावरून अडून बसलेल्या रमाबाईच इथे दुसऱ्या बाजूने बोलत होत्या.

एक शंका तरीही उरते आणि ती झटकून टाकणं बरोबर होणार नाही. ज्या मुलींचं अन्न, वस्त्र, छप्पर सगळं एका संस्थेच्या हाती आहे, त्यांचा पश्चात्ताप कितपत मोकळा? शेकडो मुली एकत्र राहत असताना एकीचं रडणं दुसरीला लागतंच. दुष्काळात आईबाप मरताना पाहिलेल्या, सौदा झालेल्या मुलींनी स्वतःला पापी म्हणवून घ्यावं, हे वाचताना मनाला टोचतं. त्यांच्यावर अन्याय करणाऱ्यांनी कुठे कबुली दिली? पण त्या वृत्तान्तांत आणखीही काही दिसतं. या मुलींना पहिल्यांदाच कोणीतरी स्वतःच्या वागण्याला जबाबदार असलेली माणसं म्हणून वागवत होतं. समाजाने त्यांना अपशकुनी, भ्रष्ट, गेल्या जन्मीच्या कर्माची फळं भोगणाऱ्या ठरवलं होतं. त्या निकालात त्यांना बोलायला जागाच नव्हती. इथे त्या स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या कृत्यांबद्दल बोलत होत्या आणि त्यानंतर त्यांना क्षमा मिळाल्याचंही स्वतःच जाहीर करत होत्या. माझ्या मते या घटनेचं मोल त्यात आहे, आणि ते मोल शंकेला पुरून उरतं.

रमाबाईंनी अश्रूंवर विसंबून काम सोडलं नाही. तास पुन्हा भरू लागले, चुली पेटल्या, माग चालू झाले. मुलींच्या टोळ्या पाळीपाळीने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. लिहावाचायला नुकत्याच शिकलेल्या, विधवा, अनाथ, वेगवेगळ्या जातींतल्या मुली गावच्या चावडीपाशी उभ्या राहून बोलतात, हे १९०५-०६ च्या महाराष्ट्रात किती अपूर्व होतं! बायकांनी उपदेश करावा का, असा प्रश्न पश्चिमेतली पुष्कळ चर्चेस तेव्हा अजून विचारत होती.

परिणाम केडगावपुरता राहिला नाही. अब्राम्स यांनी १९०६ मध्ये 'द बॅप्टिझम ऑफ द होली घोस्ट अँड फायर' ही पुस्तिका लिहिली. पश्चात्तापाने मन जळून निघालं की माणूस दुसऱ्यांवर प्रेम करायला आणि त्यांची सेवा करायला मोकळा होतो, हे त्यांनी त्यात मांडलं. पुस्तिकेची प्रत त्यांनी चिलीतल्या व्हॅल्परायसो या बंदराच्या शहरी आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. तिचे पती विलिस हूवर तिथल्या मेथडिस्ट चर्चचे पाळक होते. दोघांनी ती वाचली, मंडळीला सांगितली, प्रार्थना सुरू केल्या आणि १९०९ मध्ये व्हॅल्परायसोला तसंच संजीवन झालं. मेथडिस्ट वरिष्ठांना ते मानवलं नाही. १९१० मध्ये हूवर आणि त्यांचे अनुयायी वेगळे झाले आणि चिलीतल्या पेंटेकॉस्टल चर्चचा पाया पडला. आज त्या देशातल्या प्रोटेस्टंटांमध्ये बहुसंख्य लोक या परंपरेतले आहेत. पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर एप्रिल १९०६ मध्ये झाला असं बरीच वर्षं लिहिलं जाई. केडगावचं संजीवन त्याच्या आधीचं. चिलीचा धागा तर लॉस एंजेलिसला न जाता थेट पुणे जिल्ह्यातून निघतो, ही गोष्ट अलीकडच्या अभ्यासकांनी पुढे आणली आहे.

रमाबाई स्वतः अनोळखी भाषांत बोलल्या नाहीत आणि कोणत्याही नव्या पंथाच्या पुढारी झाल्या नाहीत. संजीवनानंतरची त्यांची वर्षं एका कामात गेली. बायबलचं प्रचलित मराठी भाषांतर मुक्तीतल्या मुलींना आणि खेड्यातल्या बायकांना जड जातं, असं त्यांचं मत होतं. ज्यांना पापाची कबुली आणि क्षमा यांविषयी वाचायचं आहे त्यांना ते आपल्या बोलीत वाचता आलं पाहिजे. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या बाईंनी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर केलं, संस्कृतप्रचुर शब्द जाणून टाळून. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्याच मुली होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती संस्था सोपवायची ती एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. भाषांतराचं काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.